दूतावासासमोरचा फुटपाथ कुणाचा?

२२ मार्च २०२३ रोजी दिल्लीत चाणक्यपुरीतल्या ब्रिटिश उच्चायुक्तालयाबाहेरची पोलिसांची बॅरिकेड्स उचलून नेण्यात आली. राजाजी मार्गावर ब्रिटिश उच्चायुक्त राहतात, त्या बंगल्याबाहेरचीही हलली. लंडनला उत्तर म्हणून हे करतोय, असं भारत सरकारनं जाहीर केलं नाही. पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. तीनच दिवस आधी, १९ मार्चला, लंडनमध्ये ऑल्डविच भागातल्या आपल्या उच्चायुक्तालयावर खलिस्तानसमर्थक जमाव चालून गेला होता. एक जण पहिल्या मजल्याच्या बाल्कनीपर्यंत चढला आणि त्यानं तिरंगा खाली खेचला. आतल्या एका कर्मचाऱ्यानं बाहेर येऊन त्याच्याकडून झेंडा ओढून घेतला. खिडक्यांच्या काचा फुटल्या. त्या दिवसाचा व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. तो पुन्हा बघाल तेव्हा आजूबाजूला पोलीस किती दिसतात, तेवढं मोजा. भारताची तक्रार नेमकी त्यावर होती.

लंडनमध्ये काच फुटली, तर दिल्लीतली बॅरिकेड्स का हलली? परदेशस्थ लोकांची आंदोलनं, दूतावासांची सुरक्षा आणि दोन देशांमधले संबंध यांची सगळी गुंतागुंत या एका प्रश्नात आहे. ती सोडवायची तर आधी एक गैरसमज दूर करावा लागेल.

दूतावास म्हणजे परदेशाची जमीन, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. ते खरं नाही. लंडनमधलं इंडिया हाऊस, म्हणजे आपलं उच्चायुक्तालय (राष्ट्रकुल देश एकमेकांकडच्या दूतावासाला हेच म्हणतात), ब्रिटनच्याच भूमीवर उभं आहे आणि तिथे ब्रिटनचाच कायदा लागू होतो. फरक एवढाच, की भारताच्या परवानगीशिवाय ब्रिटिश पोलिसाला तिथे पाऊल टाकता येत नाही. याला दूतावासाची अनुल्लंघनीयता म्हणतात. भाड्यानं दिलेल्या घरासारखं समजा. घर मालकाचंच असतं, पण भाडेकरूला विचारल्याशिवाय मालक आत शिरू शकत नाही. इथे तर आग लागली तरी विचारावं लागतं.

हे नियम १९६१ च्या व्हिएन्ना करारात आहेत. जगातले जवळजवळ सगळे देश त्याला बांधील आहेत आणि आपल्या संसदेनंही १९७२ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. करारातलं बाविसावं कलम आपल्या कामाचं. त्याचा पहिला भाग यजमान देशाला सांगतो, की आत जाऊ नका. दुसरा भाग सांगतो, की बाहेरून कुणी आत घुसणार नाही, मोडतोड करणार नाही, दूतावासाची शांतता भंगणार नाही आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येणार नाही, यासाठी योग्य ती सर्व पावलं उचलणं ही तुमची विशेष जबाबदारी आहे. वाणिज्य दूतावासांसाठी, म्हणजे इतर शहरांतल्या पासपोर्ट-व्हिसा अशा कामांच्या कार्यालयांसाठी, १९६३ चा वेगळा करार आहे, त्यातही हीच जबाबदारी आहे.

‘विशेष’ हा शब्द उगाच आलेला नाही. शहरातल्या कुठल्याही इमारतीचं रक्षण पोलिसांनी करायचंच असतं. दूतावासाचं त्याहून जास्त करायचं, कारण आतल्या माणसांना स्वतःची फौज बाहेर रस्त्यावर उभी करता येत नाही. दाराच्या आत ते सुरक्षित असतात ते दाराबाहेरच्या पोलिसाच्या जिवावर. म्हणून १९ मार्चच्याच रात्री भारतानं दिल्लीतल्या सर्वांत वरिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयात बोलावून घेतलं, तेव्हा ‘तुमच्या देशात आमच्याविरुद्ध घोषणा का झाल्या’ हा मुख्य मुद्दा नव्हता. तिथे ब्रिटिश सुरक्षा व्यवस्था अजिबात कशी नव्हती, याचा जाब विचारला गेला. बातम्यांच्या गदारोळात हा फरक हरवतो, आणि सगळं प्रकरण या फरकावरच तर उभं आहे.

जमाव सरकारनं पाठवलेला नसला तरी सरकार जबाबदार कसं, असं कुणी विचारेल. याचं उत्तर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९८० मध्ये दिलं. आदल्या वर्षी ४ नोव्हेंबरला तेहरानमध्ये विद्यार्थ्यांनी अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला होता. न्यायालयानं प्रकरणाचे दोन तुकडे केले. पहिल्या दिवशीचा हल्ला इराण सरकारनं केला असं म्हणता येणार नाही, पण तो रोखायला सरकारनं काहीच केलं नाही, हा सरकारचाच दोष. पुढे सरकारनं त्या कृत्याला उघड पाठिंबा दिला, तिथून ते कृत्यच सरकारचं झालं. हल्ला करणं आणि हल्ला होऊ देणं यांत फरक आहे, पण दुसऱ्यालाही जबाबदारी चिकटते. भरपाईसुद्धा द्यावी लागते. बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर अमेरिकी बॉम्ब पडल्यावर १९९९ मध्ये चीनमध्ये अमेरिकी कार्यालयांवर जमाव चालून गेले. अमेरिकेनं चीनला बॉम्बहल्ल्याची भरपाई दिली आणि चीननंही अमेरिकेला त्या मोडतोडीबद्दल २८ लाख ७० हजार डॉलर देण्याचं मान्य केलं.

आता अडचणीचा शब्द घेऊ. ‘प्रतिष्ठा’. दगड मारला की काच फुटते, ते दिसतं. प्रतिष्ठेला बाधा कशानं येते? पुतळा जाळल्यानं? ‘हुकूमशहा चालता हो’ असा फलक धरल्यानं? करार यावर गप्प आहे, आणि प्रत्येक देश आपापल्या परीनं अर्थ लावतो.

आपण दिल्लीत काय करतो ते बघा. चाणक्यपुरीत जमावबंदीचे आदेश नेहमीचेच, निदर्शकांना बसमध्ये घालून दूर नेतात आणि आंदोलनाची जागा म्हणून जंतर मंतर दाखवलं जातं. दूतावासाच्या आतल्या माणसाला घोषणा ऐकूच येत नाहीत. अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये एक जुना कायदा होता. एखाद्या परदेशी सरकारची बदनामी होईल असा फलक त्याच्या दूतावासापासून ५०० फुटांच्या आत धरायला त्यानं मनाई केली होती. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती मनाई रद्द केली. परक्या राजदूताचं मन दुखावेल म्हणून आपल्या नागरिकाचं तोंड बंद करता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. मात्र दूतावासाच्या सुरक्षेला धोका असेल तर गर्दी पांगवण्याचा पोलिसांचा अधिकार न्यायालयानं शाबूत ठेवला. लंडनमध्ये तर निदर्शक थेट समोरच्या फुटपाथवर उभे राहतात. मध्ये एक रस्ता आणि लोखंडी कठडा, बस्स.

यातली दिल्लीची पद्धत मला पटत नाही, हे सांगून टाकतो. निषेध ज्याचा आहे त्याला तो दिसला, ऐकू आला पाहिजे. नाहीतर तो निषेध कसला? आणि परदेशात राहणाऱ्या माणसाजवळ दुसरा पत्ता तरी कुठे असतो? मायदेशी त्याला परतता येत नसेल, तिथे मत देता येत नसेल, तिथल्या मंत्र्यापर्यंत पोचता येत नसेल, तर त्या सरकारचं एकच दार त्याच्या बसच्या टप्प्यात असतं आणि ते म्हणजे दूतावास. पासपोर्टसाठी रांग लावायची तीच पायरी आणि संताप व्यक्त करायचाही तोच फुटपाथ. इराणी, तिबेटी, हाँगकाँगचे, लिबियन, कुर्द, शीख, काश्मिरी, कुणीही घ्या, हेच दिसेल.

पण त्या फुटपाथवर काय घडू शकतं, याचं सर्वांत वाईट उदाहरणही लंडनचंच आहे.

१७ एप्रिल १९८४. सेंट जेम्स स्क्वेअर हा लंडनच्या मध्यभागी झाडांनी वेढलेला, एरवी शांत असलेला चौक. तिथल्या पाच नंबरच्या इमारतीत लिबियाचा दूतावास होता. गडाफी यांच्या राजवटीत त्याला ‘पीपल्स ब्यूरो’ म्हणत. लिबियातून परागंदा झालेले गडाफीविरोधक त्या सकाळी इमारतीसमोर निदर्शनं करणार होते. आदल्या रात्री लिबियाच्या लोकांनी ब्रिटिश परराष्ट्र खात्याला सांगितलं, की हा मोर्चा थांबवा. आमच्याकडे असं थांबवता येत नाही, असं उत्तर त्यांना मिळालं. मग पोलिसांनी कठडे लावले. एका बाजूला गडाफीविरोधक, दुसऱ्या बाजूला गडाफीसमर्थक आणि मध्ये पोलीस, अशी मांडणी झाली.

त्या पोलिसांत इव्हॉन फ्लेचर नावाची पंचवीस वर्षांची शिपाई होती. तिचं तोंड निदर्शकांकडे आणि पाठ दूतावासाकडे होती. पोलीस असेच उभे असतात, कारण धोका जमावाकडून येईल असं गृहीत धरलेलं असतं. दहा वाजून गेले आणि दूतावासाच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून स्वयंचलित बंदुकीच्या गोळ्या सुटल्या. अकरा निदर्शक जखमी झाले. फ्लेचरला पाठीमागून गोळी लागली आणि त्याच दिवशी ती गेली. तिचा होणारा नवराही पोलीसच होता, आणि त्या सकाळी त्याच चौकात ड्यूटीवर होता.

मग अकरा दिवस वेढा चालला. गोळी झाडणारा कुठल्या इमारतीत आहे हे साऱ्या जगाला माहीत होतं, आणि पोलिसांना आत जाता येत नव्हतं. व्हिएन्ना करारात याला अपवाद नाही. इमारतीचा असा गैरवापर झाला तरी यजमान देशानं दार तोडायचं नाही. इतके दिवस फ्लेचरची टोपी त्या मोकळ्या चौकात पडून होती आणि रोज टीव्हीवर दिसत होती. दरम्यान तिकडे त्रिपोलीतल्या ब्रिटिश दूतावासालाही लिबियानं वेढा घातला होता. तिथली ब्रिटिश माणसं म्हणजे एक प्रकारे ओलीसच. लंडननं दार तोडलं असतं, तर त्रिपोलीत काय झालं असतं?

अखेर ब्रिटननं लिबियाशी राजनैतिक संबंध तोडले. २७ एप्रिलला इमारतीतली तीस माणसं बाहेर आली, त्यांना विमानात बसवून देशाबाहेर पाठवण्यात आलं. सोबत त्यांच्या सीलबंद राजनैतिक बॅगाही गेल्या, न तपासता. दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळायला १९९९ उजाडलं. तेव्हा लिबियानं ‘सर्वसाधारण जबाबदारी’ मान्य केली आणि फ्लेचरच्या घरच्यांना भरपाई दिली. त्या गोळीसाठी फौजदारी खटल्यात शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही. २०२१ मध्ये लंडनच्या न्यायालयानं एका दिवाणी दाव्यात त्या काळच्या एका लिबियन अधिकाऱ्याला या हत्येसाठी संयुक्तपणे जबाबदार ठरवलं. तेव्हा तो ब्रिटनमध्ये नव्हता, आणि दावा लावणारा फ्लेचरचा पोलीस सहकारी तोवर म्हातारा झाला होता.

या प्रकरणानंतर ब्रिटनमध्ये मोठा खल झाला, की करारच बदलून घ्यावा का. शेवटी तसं केलं नाही. दूतावासाचं दार तोडण्याची मुभा आज लंडननं घेतली, तर उद्या जगातल्या प्रत्येक हुकूमशहाला ती मिळेल आणि तेव्हा आत ब्रिटिश माणसं असतील, हे त्यांना कळत होतं. कुठली इमारत दूतावास म्हणून वापरायची आणि ती मान्यता कधी काढून घ्यायची, यावर सरकारला जास्त अधिकार देणारा कायदा तेवढा १९८७ मध्ये झाला.

१९८४ हेच वर्ष आपल्यालाही विसरता येण्यासारखं नाही. पुण्यात एरंडवण्यातून नवी पेठेकडे येताना मुठेवर म्हात्रे पूल लागतो. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात, आणि म्हात्रे कोण असं विचारलं तर बहुतेकांना कुणीतरी नगरसेवक असावेत असं वाटतं. रवींद्र म्हात्रे हे बर्मिंगहॅममधल्या भारतीय कार्यालयातले राजनैतिक अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ ला, म्हणजे सेंट जेम्स स्क्वेअरच्या अडीच महिने आधी, संध्याकाळी ते बसमधून उतरून घरी निघाले होते. मुलीचा वाढदिवस होता, हातात केक होता. काश्मीरच्या स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या गटानं त्यांचं अपहरण केलं आणि तिहार तुरुंगात असलेल्या मकबूल बटच्या सुटकेची मागणी केली. दोन दिवसांनी म्हात्र्यांचा मृतदेह सापडला. ११ फेब्रुवारीला बटला फाशी झाली.

ही निदर्शनं नव्हती, खून होता, आणि घोषणा देणाऱ्या प्रत्येकाला त्या खुन्यांच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. तरीही ही आठवण बाजूला ठेवून भारताचा राग समजत नाही. ब्रिटनच्या रस्त्यावर आपला अधिकारी मारला गेल्याचा अनुभव ज्या खात्याच्या गाठीशी आहे, त्याला लंडनमधल्या बाल्कनीवर चढलेला माणूस फक्त आंदोलक दिसत नाही. २०१९ मध्ये कलम ३७० हटवल्यावर याच इमारतीसमोर दोनदा मोठे जमाव आले होते आणि दुसऱ्या वेळी काचाही फुटल्या होत्या. मार्च २०२३ मध्ये पंजाबात खलिस्तानसमर्थक अमृतपालसिंगच्या शोधासाठी पोलिसांची धरपकड १८ तारखेला सुरू झाली. त्याचे पडसाद लंडनमध्ये उमटणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. ‘योग्य ती सर्व पावलं’ यातलं ‘योग्य’ ठरतं ते असं, धोका किती आधी आणि किती स्पष्ट दिसत होता यावरून.

आता बॅरिकेड्सकडे परत येऊ. देशाला दुसऱ्या देशाचा राग आला की तो पायरीपायरीनं व्यक्त करायची एक ठरलेली रीत आहे. सर्वांत खालची पायरी म्हणजे निषेधाचं निवेदन. त्यावर राजदूताला बोलावून समज देणं. इथे वेळेलाही अर्थ असतो. २१ मार्च २००८ ला काही तिबेटी तरुण दिल्लीतल्या चिनी दूतावासाच्या भिंतीवरून आत उतरले. चीननं बीजिंगमधल्या भारताच्या राजदूत निरुपमा राव यांना त्यानंतर रात्री दोन वाजता बोलावून घेतलं. सकाळी नऊलाही तेच सांगता आलं असतं. रात्री दोनला बोलावलं, म्हणजे राग किती आहे ते कळावं. आणि लक्षात घ्या, त्या वेळी आपण यजमानाच्या खुर्चीत होतो. पंधरा वर्षांनी लंडनबद्दल आपण जे विचारलं, तेच तेव्हा बीजिंग आपल्याला विचारत होतं.

त्याहून वरची पायरी म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याला ‘पर्सोना नॉन ग्राटा’ म्हणजे नकोशी व्यक्ती ठरवणं. करारानुसार त्यासाठी कारणही द्यावं लागत नाही. मग राजदूत परत बोलावणं, दूतावासातल्या माणसांची संख्या कमी करायला लावणं, आणि शेवटी संबंध तोडणं. या सगळ्या पायऱ्यांच्या अधल्यामधल्या जागेत जशास तशाच्या छोट्या खुणा चालतात. बॅरिकेड्स हलवणं ही त्यातली. करार मोडला असं कुणाला म्हणता येत नाही, आतल्या माणसाला इजा होत नाही, पण रोज सकाळी गाडीतून येणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याला रिकामा रस्ता दिसतो. त्याच २२ मार्चला लंडनमध्ये पुन्हा मोठा जमाव आला, तेव्हा मात्र इंडिया हाऊससमोर पोलिसांची भक्कम फळी उभी होती आणि इमारतीवर आधीपेक्षा कितीतरी मोठा तिरंगा होता. पुढे एनआयएनं, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेनं, तपास हाती घेतला. २०१९ च्या दुरुस्तीमुळे परदेशात घडलेल्या गुन्ह्यांचाही तपास तिला करता येतो. एप्रिल २०२४ मध्ये या प्रकरणात एकाला भारतात अटकही झाली.

कधीकधी मात्र बाहेरच्यांपेक्षा आतलेच मर्यादा सोडतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये मँचेस्टरमधल्या चिनी वाणिज्य दूतावासासमोर हाँगकाँगच्या लोकांनी निदर्शनं केली, तेव्हा आतून माणसं आली, त्यांनी फलक उखडले आणि एका निदर्शकाला फाटकातून आत ओढून मारलं. ब्रिटिश पोलिसांना त्याला ओढून बाहेर काढावं लागलं. पोलिसांनी सहा अधिकाऱ्यांची चौकशी करायची म्हणून त्यांचं राजनैतिक संरक्षण काढून घेण्याची मागणी केली. डिसेंबरमध्ये महावाणिज्यदूतासह सहाही जण ब्रिटन सोडून गेले. मे २०१७ मध्ये वॉशिंग्टनला तुर्की राजदूताच्या निवासस्थानाबाहेर अध्यक्ष एर्दोगान यांच्या सुरक्षारक्षकांनी कुर्द आणि इतर निदर्शकांना भर रस्त्यात लाथाबुक्क्यांनी तुडवलं. अमेरिकेनं पंधरा रक्षकांवर आरोप ठेवले. तुर्कस्ताननं उलट अमेरिकी राजदूतालाच बोलावून जाब विचारला, की आमच्या रक्षकांशी असं वागलात कसे? पुढच्या वर्षापर्यंत त्यातल्या बहुतेकांवरचे आरोप गुपचूप मागे घेतले गेले. मार खाल्लेल्यांना काय वाटलं असेल? राजनैतिक संरक्षण अधिकाऱ्याला काम निर्भयपणे करता यावं म्हणून आहे, ते माणूस तुडवण्याचा परवाना म्हणून वापरलेलं पाहिलं की चीड येते.

आता कॅनडा. तिथल्या भांडणाचं मूळ निदर्शनांत होतं असं सरसकट म्हणणं चूक आहे. जुलै २०२३ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांची नावं आणि फोटो छापलेली पोस्टर्स तिथे लागली. त्यावर भारतानं तक्रार केली, आणि ती रास्त होती, कारण नाव घेऊन माणसाकडे बोट दाखवणं हे मतस्वातंत्र्यात बसत नाही. पण त्याआधी १८ जून २०२३ ला सरे शहरात खलिस्तानसमर्थक हरदीपसिंग निज्जरची हत्या झाली होती. १८ सप्टेंबरला पंतप्रधान ट्रुडो यांनी संसदेत भारत सरकारच्या हस्तकांकडे बोट दाखवलं. भारतानं आरोप फेटाळला. खरी ठिणगी तिथे पडली. दोन्हीकडचे एकेक अधिकारी हाकलले गेले आणि भारतानं कॅनडियन नागरिकांचे व्हिसा थांबवले. आमचे तिथे जेवढे अधिकारी, तेवढेच तुमचे इथे हवेत, असं म्हणत भारतानं संख्या समान करायला सांगितली. त्यासाठी व्हिएन्ना कराराच्याच अकराव्या कलमाचा आधार घेतला. ऑक्टोबरमध्ये कॅनडानं ६२ पैकी ४१ अधिकारी परत नेले. मुंबई, चंडीगड आणि बंगळुरूच्या कॅनडियन कार्यालयांतल्या प्रत्यक्ष भेटीच्या सेवा बंद झाल्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये भारताचे उच्चायुक्त आणि कॅनडाचे प्रभारी उच्चायुक्त यांच्यासकट सहा-सहा अधिकारी दोन्ही बाजूंनी गेले. दोन्ही देशांनी पुन्हा उच्चायुक्त नेमले ते २०२५ मध्ये.

ही आकडेवारी वाचताना मला सारखं वाटतं, की अधिकारी येतात आणि जातात, त्यांची बदली कुठेतरी होतेच. व्हिसा थांबला तो आजोबांचं शेवटचं दर्शन घ्यायला निघालेल्या, कॅनडाचा पासपोर्ट असलेल्या नातवाचा. मुंबईची खिडकी बंद झाली ती नाशिक-कोल्हापूरहून प्रवेशाचं पत्र हातात घेऊन बसलेल्या मुलांसाठी. निदर्शकांशी, हत्येशी, संसदेतल्या भाषणाशी यांचा काडीचा संबंध नव्हता.

३ नोव्हेंबर २०२४ ला टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनमधल्या हिंदू सभा मंदिरात भारतीय वाणिज्य दूतावासानं शिबिर भरवलं होतं. दूतावास शहरात असतो आणि म्हाताऱ्या माणसांना तिथवर जाणं जमत नाही, म्हणून नोव्हेंबरात अशी शिबिरं भरतात. काम एकच, हयातीचा दाखला. आपल्याकडे बँकेत किंवा कोषागारात जाऊन ‘मी अजून जिवंत आहे’ असं दरवर्षी दाखवावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. मुलांकडे परदेशात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला, रेल्वेतल्या कारकुनाला, फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदाराला तो दाखला तिथे मिळतो. त्या दिवशी मंदिराबाहेर खलिस्तानी झेंडे घेऊन लोक आले आणि काठ्यांनी हाणामारी झाली. त्या रांगेत शीख पेन्शनरही असणारच, कारण पंजाबातून गेलेले आईवडील तिथे थोडे नाहीत. चार दिवसांनी टोरांटोच्या वाणिज्य दूतावासानं जाहीर केलं, की स्थानिक यंत्रणा किमान सुरक्षाही देऊ शकत नसल्यामुळे पुढची काही शिबिरं रद्द करत आहोत. नोव्हेंबर सुरू होऊन आठवडाच झाला होता, आणि दाखला महिनाअखेरपर्यंत पोचायला हवा होता.